डाळिंबाच्या बागेत बनगरवाडी शोधताना

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय सत्तेचाळीस, पतसंस्थेत नोकरी, घरी यजमान, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. वाचनाचा नाद शाळेपासूनचा. त्यातही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी इतक्या वेळा वाचलेली, की पानं सुटी झाली आहेत. यंदा दिवाळीनंतर त्यांनी यजमानांना गळ घालून आटपाडीकडं गाडी काढायला लावली. मनात होता उघडाबोडका माळ, मेंढरांचे कळप, धाब्याची घरं, कारभाऱ्यासारखा एखादा म्हातारा. दिसल्या त्या डाळिंबाच्या बागा, सिमेंटची घरं, काळ्या पाइपांची भेंडोळी आणि मोबाइलचा टॉवर. पारावरच्या पोरांना "बनगरवाडी कुठली हो?" म्हणून विचारलं, तर एकजण म्हणाला, "पुस्तकातली व्हय? तसलं काय न्हाई हितं." दोन तासांत गाडी माघारी वळली. वाटेत यजमान म्हणाले, "कुणीतरी मनानं रचलेल्या गोष्टीपायी दिवस गेला आणि डिझेलही." ताई लिहितात, "त्यांच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. पण घरी येऊन पुस्तक उघडलं, तर आता माळाच्या जागी डाळिंबंच दिसतात."

पेच पुढचा आहे. कॉलेजात प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' ही कादंबरी वाचल्यापासून त्यांना हिमाचलातल्या किन्नौरला जायचं आहे. भिशीचे आणि आरडीचे पैसे आता हातात येणार आहेत, मुलगी सोबत यायला तयार आहे. यजमानांचं म्हणणं, तेवढ्या पैशात सगळ्यांची काशी-अयोध्या होईल, आईलाही नेता येईल. ताई विचारतात, "जाऊ की नको? तेही असंच मोडलं तर? पुस्तकातली गावं पुस्तकातच राहू द्यावीत का? आणि या वयात असली हौस म्हणजे पोरकटपणाच ना?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. पोरकटपणा वगैरे काही नाही. गोष्ट ऐकायची आणि मग ती जिथं घडली ती जागा बघायला निघायचं, ही आपली फार जुनी खोड आहे. आमच्या साताऱ्याजवळ जरंडेश्वराचा डोंगर आहे. मारुतीराया द्रोणागिरी घेऊन चालले असताना त्याचा एक तुकडा इथं पडला, अशी कथा. दर शनिवारी माणसं धापा टाकत तो डोंगर चढतात. हंपीला गेलेला आपल्याकडचा माणूस विरूपाक्षाचं दर्शन झालं की लगेच विचारतो, अंजनाद्री कुठं, वालीची गुहा कुठं. तुमच्या यजमानांना अयोध्येला जावंसं वाटतं, त्यात श्रद्धा आहेच, पण लहानपणी ऐकलेली गोष्टही आहे. श्रद्धा आणि कादंबरी मी एका पारड्यात घालत नाही. एवढंच म्हणते, की ही ओढ त्यांनाही परकी नाही.

राहिला 'मनानं रचलेलं' हा आक्षेप. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सचं घर २२१बी या क्रमांकाचं. आर्थर कॉनन डॉयल त्या कथा लिहीत होते तेव्हा त्या रस्त्यावर तेवढे क्रमांकच नव्हते. पुढं रस्ता वाढला, क्रमांक बदलले, तो आकडा एका वित्तसंस्थेच्या इमारतीत गेला आणि होम्सच्या नावानं येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायला त्या संस्थेला माणूस नेमावा लागला. आपल्या शेजारी कर्नाटकात बघा. आर. के. नारायण यांचं मालगुडी कुठल्याच नकाशावर नाही. दूरदर्शनच्या मालिकेचं चित्रीकरण आगुंबे परिसरात झालं, आणि शिमोग्याजवळच्या अरसाळू स्टेशनात आता मालगुडीचं संग्रहालय आहे. नसलेल्या गावाच्या स्टेशनावर माणसं उतरतात, फोटो काढतात आणि समाधानानं परत जातात. तेव्हा या वेडात तुम्हाला जगभर सोबत आहे.

आता आटपाडीच्या फेरीकडं येऊ, कारण किन्नौरचं उत्तर तिथंच दडलंय.

'मला बनगरवाडी पाहायची होती' असं तुम्ही लिहिता. मग काय काय शोधलंत त्याची यादीही देता. ती यादी मी पुन्हा वाचली. माळ ही जागा झाली. धाब्याची घरं, मेंढरांमागं चालणारं सबंध गाव, हा काळ झाला. आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं. म्हणजे तुम्हाला पाहायच्या होत्या तीन गोष्टी, आणि गाडी त्यातल्या एकीपर्यंतच जाते. कादंबरी छापून आली १९५५ साली, पण तिच्यातला काळ त्याच्याही आधीचा, औंध संस्थानचा. राजेसाहेब तालीम बघायला येतात तो काळ. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. शिवाय माडगूळकरांनी गावाचं खरं नाव ठेवलेलंच नाही. त्या बाजूला लेंगरेवाडीकडं बोट दाखवतात, तिथल्या शाळेशी लेखकाचा संबंध सांगतात, ते सगळं ठीक. पण नाव बदललं तेव्हाच त्यांनी गाव आपल्या हातात घेतलं. काही घरं हलवली असतील, दोन माणसांचं एक केलं असेल. तशी वाडी उभी-आडवी सापडावी ही अपेक्षा तुम्ही कुठून आणलीत?

आणि ती डाळिंबं. इथं मला थोडं थांबायचंय, रागावू नका.

कादंबरीचा शेवट आठवा. पाऊस नाही. मेंढरं तडफडतात, माणसं जित्राबं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, गोष्ट सांगणाऱ्या मास्तरची शाळाही संपते. तुम्ही ते पान वाचताना दर वेळी रडला असाल, मीही रडले आहे. आता त्याच मुलखात पाणी आलंय. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून, पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवून ते खानापूर, आटपाडी, पार सांगोल्याकडं नेलंय. ते काही सरकारला एके सकाळी सुचलं म्हणून आलं नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर अशांच्या पुढाकारानं आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरल्या, मोर्चे निघाले, बाया हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. तुम्हाला खुपलेली ती काळ्या पाइपांची भेंडोळी म्हणजे ठिबकच्या नळ्या. पुस्तकात जी वाडी पाण्यावाचून मेली, तिच्या नातवंडांनी पाणी मिळवलं. आणि आपण सांगलीहून, कृष्णेच्या काठावरून, नळाला पाणी असलेल्या घरातून तिथं जातो आणि माळ हिरवा झाला म्हणून हिरमुसतो!

हे फक्त तुम्हाला म्हणत नाही. कादंबरीची ओढ लागलेल्या प्रत्येकाच्या मनात ही एक चोरवाट असते. दुसऱ्याचं दारिद्र्य, त्याचं मागासलेपण आपल्याला 'अस्सल' वाटतं. कोकणातल्या कादंबऱ्या वाचून गेलेली माणसं कौलांच्या जागी स्लॅब दिसला की हळहळतात. पावसाळ्यात ती कौलं शाकारायला गड्यांच्या मागं धावावं लागतं घरमालकाला. पारावरच्या त्या पोरानं "तसलं काय न्हाई हितं" म्हटलं, त्यात मला तर थोडा अभिमानच ऐकू येतो. तुम्ही त्याला पुढं काय विचारलंत? पत्रात तरी काही नाही.

आणखी एक. कादंबरीची सुरुवातच मुळी मास्तरच्या पायी चालण्यानं होते. तो तिथं राहतो, ऋतू बदलताना पाहतो, आधी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मग हळूहळू गाव त्याला आपलं म्हणतं. एवढं सगळं व्हायला त्याला सबंध कादंबरी लागली. तुम्ही गेलात गाडीतून, भर दुपारी, दोन तासांसाठी, आणि गाडीची काच खाली करून पत्ता विचारलात. मास्तर असा गेला असता तर त्यालाही बनगरवाडी दिसली नसती.

म्हणून माझं पहिलं सांगणं किन्नौरचं नाही. आधी आटपाडीला पुन्हा जा. सांगलीपासून शंभरेक किलोमीटर, एसटीनं गेलात तरी चालेल, खरं तर एसटीनंच जा. मुक्काम करा. पहाटे उठून एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत पायी चाला. उन्हं वर यायच्या आधी त्या माळाचा रंग वेगळा असतो आणि मेंढरं तेव्हाच बाहेर पडतात. हो, मेंढरं आहेत अजून. बागांच्या पलीकडं गेलात की दिसतात, आणि आटपाडीच्या बाजारात तर ढिगानं दिसतात. बाजाराचा दिवस विचारून त्या हिशेबानं जा. खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते तेव्हा खिल्लार बैलांचा बाजार बघण्यासारखा असतो.

तिथं 'बनगरवाडी कुठली' असं मात्र विचारू नका. पुस्तकातल्या एखाद्या वस्तूबद्दल विचारा. "तुमच्यात तालीम आहे का हो?" "यंदा मेंढरं घेऊन कुठवर गेला होता?" "लोकरीचं काय करता आता?" पुस्तक न वाचलेला माणूसही यावर तासभर बोलेल. एका धनगर आजोबांनी मला मेंढीचा कान बघून तिचा मालक कसा ओळखायचा ते दाखवलं होतं. कानाला कातरून केलेली खूण, कुणाची पुढून, कुणाची मागून, कुणाची दुहेरी खाच. आजोबांनी कान बोटांत धरून उलटा केला, माझं बोट त्या खाचेवर टेकवलं आणि म्हणाले, "ह्यो आमचा सातबारा." त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती. मला त्याक्षणी त्याचं काही वाटलंही नाही.

तुम्हाला तो काळच हवा असेल तर त्याचाही माग निघतो, पण वाडीत नाही. औंधला जा. आता ते खटाव तालुक्यात, सातारा जिल्ह्यात येतं. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं, शिल्पं, हस्तिदंती काम आणि राजेसाहेबांनी स्वतः काढलेली चित्रंसुद्धा. हा राजा सूर्यनमस्काराचा एवढा पुरस्कर्ता, की संस्थानातल्या शाळाशाळांतून त्यानं ते सुरू केले. हे कळल्यावर कादंबरीतल्या तालमीचं प्रकरण पुन्हा वाचा. मास्तर गावाला तालीम बांधायला का लावतो आणि राजा ती बघायला हौसेनं का येतो, ते उलगडतं. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ साली तिथं कैद्यांची मोकळी वसाहत सुरू केली, भिंती नाहीत, गजही नाहीत. त्यावरूनच 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली आला, आणि त्याची कथा लिहिली गदिमांनी, म्हणजे आपल्या लेखकाच्या थोरल्या भावानं. एवढं सगळं तुमच्या घरापासून एका दिवसाच्या टप्प्यात आहे आणि तुम्ही म्हणता, तिथं काही सापडलं नाही.

वाटेगावचंही सांगून ठेवते. वाळवा तालुक्यात, तुमच्यापासून तास-दीड तासावर. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' कादंबरीच्या सुरुवातीला राणोजी शिगावहून जत्रेच्या मानाची जोगणी घेऊन वाटेगावकडं धावत सुटतो. दोन्ही गावं खरी, दोन्ही नकाशावर, नावंही बदललेली नाहीत. अण्णा भाऊंचं स्मारक गावात आहे. ती वाट एकदा डोळ्यांखालून घाला. हे वाचायला मिळालं तर तुमचे यजमानही येतील असा माझा अंदाज आहे, कारण यात गाव आहे, हद्द आहे, भांडण आहे.

आता रारंग ढांग.

इथं माझं उत्तर 'जा' असं आहे, आणि ते का, तेही सांगते. तीन गोष्टींची ती वाटणी इथंही लावून बघा. 'रारंग ढांग'मधला सगळ्यात मोठा तुकडा जागेचाच आहे. कडा, खाली सतलज, आणि त्या कड्यातून रस्ता काढणारी माणसं. कडा पन्नास वर्षांत फारसा बदलत नाही. प्रभाकर पेंढारकर माहितीपट करणारे, त्यामुळं त्यांनी तो मुलूख कॅमेऱ्याच्या नजरेनं पाहिलेला होता, आणि ते वाचताना कळतं. रारंग हे गाव खरोखर आहे, किन्नौरमध्ये, रिकाँग पिओहून पूहच्या दिशेनं पुढं गेल्यावर.

तरी तुम्हाला आधीच सावध करते, नाहीतर पुन्हा डाळिंबाचा प्रकार व्हायचा. पुस्तकातला रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यावरून सफरचंदाचे ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या धावतात. सतलजचं पाणी जलविद्युत प्रकल्पांसाठी बोगद्यांत वळवलंय. एकटा नाथपा-झाकडी प्रकल्पच १५०० मेगावॅटचा. त्यामुळं काही टप्प्यांत नदी पुस्तकात गर्जते तशी गर्जणार नाही, अंग चोरून वाहताना दिसेल. पिओत हॉटेलांच्या पाट्या आहेत, वायफाय आहे. आणि 'हाच तो ढांग', म्हणजे कडा, अशी पाटी लावलेली एक जागा शोधत बसू नका. त्या रस्त्यावर अंगावर येणारे कडे बरेच आहेत. तरांडाजवळ तर खडक पोखरून काढलेला रस्ता डोक्यावर छपरासारखा येतो. तिथं तरांडा मातेचं देऊळ आहे. रस्ता बांधताना माणसं दगावत होती, म्हणून बांधणाऱ्यांनीच ते उभारलं असं सांगतात. ट्रकवाले, बसवाले तिथं थांबून हात जोडल्याशिवाय पुढं जात नाहीत.

कादंबरीचा नायक विश्वनाथ, त्याची गोष्ट तुम्हाला त्या थांब्यावर भेटेल असं मला वाटतं. कड्यापेक्षाही ती कादंबरी त्या रस्त्यावर मरणाऱ्या मजुरांची आहे, लष्करी शिस्त आणि माणुसकी यांच्या ओढाताणीची आहे. सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. झारखंडचे, बिहारचे, नेपाळचे मजूर आजही हिमालयात डांबर तापवताना आणि दरडी उपसताना दिसतात. कल्प्याहून किन्नर कैलासाचा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. पण दरडीमुळं गाडी तासभर अडकली तर कंटाळू नका. उतरा, आणि फावडं मारणाऱ्यांकडं बघा. पुस्तकातलं पान समोर उलगडायचं असेल तर तिथंच उलगडेल.

सोयीचं थोडं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन. दिल्लीहून कालका, आणि तिथून शिमल्यापर्यंत १९०३ सालापासून धावणारी छोटी गाडी, शंभरावर बोगद्यांतून जाणारी. शिमल्याहून रामपूर, वांगतू, करछम करत रिकाँग पिओ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण आपल्याकडच्या हिशेबानं चार-पाच तास धरू नका, सबंध दिवस जातो. हिमाचल परिवहनच्या बस जातात. गाडी लागत असेल तर गोळ्या जवळ ठेवा आणि डाव्या-उजव्या बाजूचा विचार सोडा, दरी दोन्हीकडं येते. पिओ आणि कल्पा हे सव्वादोन ते तीन हजार मीटरच्या घरात, म्हणून पहिल्या दिवशी फार चढउतार नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. भारतीय नागरिकांना तिथवर परवाना लागत नाही. जाण्याचा काळ मे-जून, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट अजिबात नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच महामार्गावर निगुलसरीजवळ दरड कोसळून बससकट माणसं गाडली गेली. पुस्तकातली भीती खरी आहे ती या अर्थानं, तिची हौस नको.

पुस्तक बरोबर न्या, पण जागेवर उघडून ताडून बघत बसू नका. रात्री मुक्कामाला उघडा. आणि मुलीनं वाचलेलं नसेल तर गोवा एक्स्प्रेसमध्ये तिला वाचायला द्या, वेळ भरपूर असतो.

'तेही मोडलं तर?' असं तुम्ही विचारता. मोडेल, थोडं. मग भरून येईल. 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ साली आला. तो पाहिल्यावर मला पुस्तकातला मास्तर कितीतरी दिवस पडद्यावरच्या चेहऱ्याचाच दिसायचा. पुढं तो चेहरा गेला आणि माझा मास्तर परत आला. वाचताना मनात तयार झालेलं चित्र फार चिवट असतं. सहा महिने पुस्तक कपाटात ठेवा, मग काढा. डाळिंबं बांधापलीकडं गेलेली असतील. नसली गेली, तर तुम्ही आता ती वाडी दोन काळांत बघताय, तेही काही वाईट नाही.

काही पुस्तकांच्या गावी जाऊच नये हेही मी मानते. ज्यांत जागा नावापुरती असते आणि सगळं काही काळाचं किंवा बालपणाचं असतं, ती उशाशीच बरी. हे कसं ओळखायचं? पुस्तक मिटून डोळ्यांसमोर काय येतं ते बघायचं. नदी, डोंगर, समुद्र, रस्ता आला तर जावं. घर, अंगण, कुणाचा तरी आवाज आला तर जाऊ नये. निदान कॅमेरा घेऊन तरी जाऊ नये, कारण ते अंगण आता दुसऱ्या कुणाचं तरी असतं आणि त्यांच्या दोरीवर कपडे वाळत असतात. आणि ज्यांना लांब जाणं जमत नाही, पैशामुळं, गुडघ्यांमुळं किंवा घरातल्या आजारपणामुळं, त्यांनी पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस काढावा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, आत जाऊन बसावं, वाचावं, कुणी उठवत नाही. बाहेर स्ट्रॉबेरीचं शेत असतं.

आता घरातलं. यजमानांना तुमचं कारण पटलं पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांना ते पटायची गरज नाही. माणूस क्रिकेटची मॅच बघायला पुण्याला जातो तेव्हा बायकोला क्रिकेट आवडावं लागत नाही. पैसे तुमच्या भिशीचे आहेत, तुम्ही कमावलेले आहेत. त्यातून सगळ्यांची यात्रा काढणं हा चांगला विचार आहे, पण तो त्यांचा विचार आहे. सासूबाईंना काशी घडवायची असेल तर त्यासाठी वेगळे पैसे आणि वेगळा महिना काढा, आणि त्यात अर्धा वाटा यजमानांचा असू दे. एका हौसेच्या बदल्यात दुसरी, असा सौदा केलात तर किन्नौरमध्येही तुमच्या मनात काशीच राहील.

त्यांच्या डिझेलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. आपल्या आवडीसाठी दुसऱ्याला दिवसभर गाडी चालवायला लावायची आणि तो खूश दिसत नाही म्हणून खट्टू व्हायचं, हे बरोबर नाही. आटपाडीला पुढच्या वेळी मुलीबरोबर जा किंवा वाचनालयातली एखादी मैत्रीण बघा. किन्नौरसाठी त्यांना सरळ विचारा: शिमल्यापर्यंत येता का? छोट्या गाडीत बसा, माल रोडवर फिरा, आणि आम्ही वर जाऊन येईपर्यंत तिथं राहा. पुस्तक वाचायची अट घालू नका. यायचे असतील तर येतील.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठच्या आधी मोबाइल हातात घेऊन बसा, सुट्टीच्या दिवसांत त्या गाडीची तिकिटं लगेच संपतात. तीन तिकिटं काढायची की दोन, ते तोवर ठरवून ठेवा.